करणारे आणि करवणारे : आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेतील हातांविषयी

मराठी व्याकरणात वाक्यातील कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या परस्परसंबंधाला 'प्रयोग' म्हणतात, आणि विज्ञानात तोच शब्द प्रयोगशाळेत चालणाऱ्या कामासाठी वापरला जातो. हा योगायोग शाळेतल्या विनोदापलीकडे सहसा जात नाही. परंतु विज्ञानाचा शोधनिबंध ज्यांनी एकदा तरी वाचला आहे त्यांच्या लक्षात येईल की तेथील प्रयोग जवळजवळ नेहमी कर्मणीच असतो. द्रावण ढवळले गेले, नलिका बर्फात ठेवल्या गेल्या, पेशी मोजल्या गेल्या. कोणी ढवळले, कोणी ठेवल्या, कोणी मोजल्या, हे वाक्य सांगत नाही. प्रयोग कोणीही केला तरी निष्कर्ष तोच निघाला पाहिजे, म्हणून कर्त्याला बाजूला ठेवायचे, असे याचे समर्थन केले जाते आणि तत्त्वतः ते योग्यच आहे. मात्र या वाक्यरचनेच्या आड एक सामाजिक वस्तुस्थितीही सुखाने नांदते. निबंधाच्या शिरोभागी ज्यांची नावे असतात त्यांनी पुष्कळदा ढवळलेले नसते, ठेवलेले नसते, मोजलेले नसते. ते काम प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे असते.

इतिहासकार स्टीव्हन शेपिन यांनी 1989 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात या माणसाला 'अदृश्य तंत्रज्ञ' असे नाव दिले. त्यांचा विषय होता सतराव्या शतकातील रॉबर्ट बॉइल यांची प्रयोगशाळा. हवेच्या दाबावरील बॉइल यांचे प्रयोग ज्या निर्वात पंपाच्या आधारे झाले, त्याच्या घडणीत आणि चालवण्यात रॉबर्ट हुक यांचा मोठा वाटा होता, आणि हुक तेव्हा बॉइल यांचे पगारी सहायक होते. हुक पुढे स्वतःच्या कर्तृत्वाने मोठे झाले म्हणून आपल्याला माहीत आहेत. भट्ट्या पेटवणारे, काचपात्रे हाताळणारे, आकडे टिपून घेणारे इतर बहुतेक जण निनावी राहिले. शेपिन यांचे एक निरीक्षण मला फार मार्मिक वाटते. बॉइल यांच्या लेखनात हे मदतनीस दिसू लागतात ते मुख्यतः काहीतरी बिघडले की. भांडे फुटले, भट्टी भडकली, मोजमाप चुकले, की वाक्याला एकाएकी कर्ता लाभतो.

मराठीच्या विद्यार्थ्याला यावरून श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेला शिलालेख आठवल्याशिवाय राहणार नाही. त्यातील क्रियापद 'करवियले' असे प्रयोजक आहे. चामुंडरायाने मूर्ती केली असे लेख म्हणत नाही. करवली असे म्हणतो. छिन्नी चालवणाऱ्यांची नावे तेथे नाहीत, पण ते होते एवढे तरी त्या क्रियापदाने मान्य केले आहे. विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासात हे प्रयोजकही गळून पडते. अमुक यांनी माश्या वाढवल्या, तमुक यांनी विषाणूंचे कवच वेगळे केले, अशी साधी सकर्मक वाक्ये आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. आनुवंशिकीच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात या वाक्यांखालचे प्रयोजक काही ठिकाणी स्पष्ट दिसते. त्यातील काही ठिकाणे येथे पाहावयाची आहेत.

आनुवंशिकीच निवडण्याचे कारण तिच्या सामग्रीत आहे. या शास्त्राला पिढ्या लागतात. वाटाणे असोत, माश्या असोत की जीवाणू, ते जगवावे लागतात, खाऊपिऊ घालावे लागतात, वेळेवर वेगळे करावे लागतात आणि हजारोंच्या संख्येने मोजावे लागतात. ब्रनोच्या मठात ग्रेगॉर मेंडेल यांनी 1856 ते 1863 या काळात अठ्ठावीस हजारांच्या आसपास रोपे तपासली, असे सांगितले जाते. एका माणसाच्या बागेत ते एकवेळ शक्य होते. विसाव्या शतकात ही मोजदाद स्वतंत्र नोकरी झाली.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील थॉमस हंट मॉर्गन यांची 'माश्यांची खोली' ही त्या नोकरीची एक जन्मभूमी म्हणता येईल. सोळा फूट गुणिले तेवीस फूट इतक्या जागेत आठ मेजे, दुधाच्या शेकडो बाटल्या आणि त्यांत पिकलेल्या केळ्यांवर पोसलेल्या फळमाश्या. 1910 मध्ये येथे पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि गुणसूत्रांवर जनुके असतात या सिद्धान्ताला पाय फुटले. त्या बाटल्या धुण्यासाठी कॅल्व्हिन ब्रिजेस नावाच्या विद्यार्थ्याला ठेवले होते. मॉर्गन आणि त्यांचे इतर विद्यार्थी हातातल्या भिंगातून माशी पाहत. ब्रिजेसने धुवायला घेतलेल्या बाटलीच्या जाड काचेतून, नुसत्या डोळ्यांनी, नेहमीपेक्षा वेगळ्या, शेंदरी डोळ्यांची माशी ओळखली. मॉर्गन यांनी त्याला बाटल्यांपासून सोडवून संशोधनात घेतले. पुढे 1916 मध्ये 'जेनेटिक्स' हे नियतकालिक सुरू झाले तेव्हा त्याच्या पहिल्या अंकातील पहिला निबंध ब्रिजेस यांचा होता, आणि गुणसूत्रे व आनुवंशिक गुण यांचे नाते त्यात निर्णायकपणे मांडलेले होते.

ही कथा सहसा गुणग्राहकतेची कथा म्हणून सांगितली जाते, आणि मॉर्गन गुणग्राहक होतेच. 1933 चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर त्यांनी त्या रकमेत ब्रिजेस आणि आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांच्या मुलांच्या शिक्षणाचाही वाटा धरला. पण मला या कथेतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ब्रिजेस यांनी शोध लावला तो बाटल्या धूत असताना, बाटल्या धुण्यामुळे. ज्याच्या हातून दिवसाला शेकडो बाटल्या जातात त्याचा डोळा 'नेहमीचे' म्हणजे काय हे ज्या खात्रीने जाणतो, त्या खात्रीने भिंगवाल्याचा जाणत नाही. ब्रिजेस यांची पुढची सगळी कारकीर्दही याच वळणाची आहे. कुजत्या केळ्यांऐवजी अगरचे खाद्य, भिंगाऐवजी दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा सूक्ष्मदर्शक, माश्यांच्या निरनिराळ्या वाणांची शिस्तशीर जपणूक, अशा सुधारणा त्यांनी केल्या. त्यांपैकी कोणत्याही सुधारणेला कोणी सिद्धान्त म्हणणार नाही. परंतु त्यांच्यावाचून जगभरच्या प्रयोगशाळांत फळमाशी पोचलीच नसती. त्याच वर्तुळात एडिथ वॉलेस या चित्रकर्तीने उत्परिवर्तित माश्यांची जी रंगीत चित्रे काढली त्यांवर पुढच्या पिढ्यांची नजर घडली. पंखावरची एखादी शीर कोठे वळते हे ज्या हाताने हजारदा रेखाटले त्या हाताचे ज्ञान शास्त्रात मोडते की कलेत, हा प्रश्न साहित्याच्या वाचकांनी सोडवावा असा आहे.

ब्रिजेस बाटल्यांकडून वर चढले. सगळेच चढले नाहीत, आणि चढण्याची वाट स्त्रियांसाठी फारच अरुंद होती. म्हणून मार्था चेस यांच्याकडे वळतो.

मार्था चेस यांचा जन्म 1927 चा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. 1950 मध्ये वूस्टर येथील महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्फ्रेड हर्शी यांच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागल्या. आनुवंशिक संदेश वाहून नेणारे द्रव्य प्रथिन की डीएनए, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिओड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी 1944 मध्ये डीएनएच्या बाजूने पुरावा दिला होता, तरी पुष्कळांचे मन मानत नव्हते. हर्शी आणि चेस यांनी जीवाणूंना ग्रासणारा एक विषाणू घेतला. त्याची घडण अगदी साधी, प्रथिनाचे कवच आणि आत डीएनए. प्रथिनात गंधक असते, स्फुरद जवळजवळ नसते. डीएनएमध्ये स्फुरद असते, गंधक नसते. तेव्हा विषाणूंची एक तुकडी किरणोत्सारी गंधकावर आणि दुसरी किरणोत्सारी स्फुरदावर वाढवली की दोन्ही द्रव्यांवर वेगवेगळी खूण उमटते. मग विषाणूंना जीवाणूंवर सोडायचे, थोडा अवधी द्यायचा, जीवाणूंना बाहेरून चिकटलेली कवचे खरवडून काढायची आणि कोणती खूण आत गेली, कोणती बाहेर राहिली हे मोजायचे. खरवडण्यासाठी अखेर कामी आला तो स्वयंपाकघरात वापरतात तसा ब्लेंडर. त्याच्या पात्यांनी जीवाणू फुटले नाहीत आणि कवचे मात्र सुटली. गंधकाचा सुमारे 80 टक्के भाग बाहेर निघाला, स्फुरदाचा बहुतेक भाग आत राहिला, आणि आतून नवे विषाणू जन्मले.

पाठ्यपुस्तकात हा प्रयोग तीन आकृत्यांत संपतो. प्रत्यक्षात तो कॅलेंडरावर बांधलेला असतो. किरणोत्सारी स्फुरदाची शक्ती दर चौदा दिवसांनी निम्मी होते. ते हाती आले की थांबता येत नाही. विषाणू वाढवायचे, गाळायचे, धुवायचे, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचे, संसर्गाला किती मिनिटे दिली आणि ब्लेंडर किती वेळ चालवला हे सेकंदांत टिपायचे, मग प्रत्येक नमुन्याची किरणोत्सारिता मोजायची आणि शिवाय जिवंत जीवाणूंची व विषाणूंची गणती करायची. वेळ थोडी जास्त झाली तर जीवाणू फुटतात, कमी झाली तर कवचे सुटत नाहीत. एक शंकास्पद आकडा आला की सगळे पुन्हा.

त्या काळी कोल्ड स्प्रिंग हार्बरला असलेले वाक्लाव शिबाल्स्की यांनी या खोलीचे वर्णन करून ठेवले आहे. आत हे दोघेच. गेले की पूर्ण शांतता. हर्शी बोटाने दाखवत आणि चेस करत, शब्द कमीत कमी. हे वर्णन शिबाल्स्कींनी कौतुकाने केले आहे. चेस त्या कामाला अगदी अनुरूप होत्या, असेच त्यांना म्हणायचे होते, आणि दोन अबोल माणसांची ती तंद्री खरीच असणार. तरीही ते उठलेले बोट वाचकाच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. 'करवियले' या क्रियापदाचे याहून अचूक चित्र मिळणे कठीण. याच शिबाल्स्कींनी असेही सांगितले आहे की आपण केलेल्या कामाचे मोल चेस यांना कळलेले नव्हते. आपण एक कमी पगाराची तंत्रज्ञ आहोत एवढीच त्यांची समजूत होती, आणि एका संध्याकाळी त्यांनी चेस यांना ते मोल पटवून दिले.

1952 मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. लेखक दोन : ए. डी. हर्शी आणि मार्था चेस. हर्शी यांनी सहायकाचे नाव ऋणनिर्देशात न घालता शीर्षकाखाली घातले, हे त्या काळाच्या रीतीला धरून पाहता उदारपणाचे होते आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुरुषाच्या नावाची आद्याक्षरे आणि बाईचे नाव मात्र पूर्ण, ही त्या काळच्या छपाईची रूढी. तिच्यावर मोठा आरोप उभारण्यात अर्थ नाही, पण ती डोळ्यांआडही करू नये. 1969 मध्ये हर्शी यांना माक्स डेलब्रुक आणि साल्व्हादोर लुरिया यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. ते केवळ या प्रयोगासाठी नव्हते, विषाणूंवरील अनेक वर्षांच्या कामासाठी होते, त्यामुळे चेस यांचे पारितोषिक हिरावले गेले असे सरळ म्हणता येणार नाही. चेस 1953 मध्ये तेथून बाहेर पडल्या, इतर प्रयोगशाळांत काम केले, 1964 मध्ये कॅलिफोर्नियात डॉक्टरेट मिळवली. संशोधनाची कारकीर्द मात्र पुढे उभी राहिली नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांची स्मृती जात राहिली आणि ऑगस्ट 2003 मध्ये ओहायोतच त्यांचा मृत्यू झाला. जगभरच्या बारावीच्या पुस्तकांत 'हर्शी-चेस प्रयोग' या जोडनावात त्या आहेत. प्रयोगाला नाव मिळाले आणि माणूस इतिहासातून निघून गेला, असा हा विचित्र व्यवहार आहे.

पॅरिसमधील मार्थ गोतिए यांची गोष्ट याहून कडवट आहे, आणि तिच्यावर आजही एकमत नाही. गोतिए या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर. हृदयरोगाच्या पुढील अभ्यासासाठी 1955 मध्ये अमेरिकेत बोस्टनला गेल्या. तेथे अभ्यासासोबत त्यांच्या वाट्याला एक अर्धवेळ नोकरी आली. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका तंत्रज्ञ बाईंच्या जागी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करायचे. रक्तवाहिनीचे तुकडे घेऊन त्यांतून पेशी वाढवायच्या, त्या जगवायच्या, बाटलीमागून बाटली बदलायची. डॉक्टरच्या दर्जाला ते शोभणारे नव्हते असे कोणी म्हटले असते. पुढे जे घडले त्यात मात्र डॉक्टरची पदवी नव्हे, हीच अर्धवेळ तंत्रज्ञता कामाला आली.

1956 मध्ये स्वीडनमधील लुंड येथे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी मानवी पेशीत 48 नव्हे तर 46 गुणसूत्रे असतात हे दाखवले. त्याच वर्षी गोतिए पॅरिसला परतल्या. तेथील त्रूसो रुग्णालयातील प्राध्यापक रेमाँ त्युर्पँ यांना आज आपण ज्याला डाऊन सिंड्रोम म्हणतो त्या अवस्थेमागे गुणसूत्रांतील बिघाड असावा असे फार पूर्वीपासून वाटत होते. पण ती गुणसूत्रे मोजायची तर आधी मुलांच्या पेशी वाढवता आल्या पाहिजेत, आणि ती विद्या तेथे कोणाजवळ नव्हती. गोतिए यांनी ती आपल्याला येते असे सांगितले. त्यांना एक खोली मिळाली, पैसे मिळाले नाहीत. काचसामानासाठी त्यांनी स्वतः कर्ज काढले. पेशींना लागणारा रक्तद्रव मिळवण्यासाठी रुग्णालयाच्या आवारात एक कोंबडा पाळला आणि मानवी रक्ताची गरज स्वतःची शीर टोचून भागवली. 1958 मध्ये काचपट्टीवर त्यांना 47 गुणसूत्रे दिसली. एक जास्त.

छायाचित्रे काढण्याजोगा सूक्ष्मदर्शक त्यांच्याजवळ नव्हता. त्युर्पँ यांचे दुसरे सहकारी जेरोम लजन यांनी काचपट्ट्या छायाचित्रांसाठी नेल्या. गोतिए यांच्या सांगण्याप्रमाणे त्या परत आल्या नाहीत, आणि निबंध प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर त्यांना त्याची खबर मिळाली. जानेवारी 1959 मध्ये तो फ्रेंच विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात छापला गेला, लजन, गोतिए, त्युर्पँ या क्रमाने. आणि गोतिए यांच्या आडनावात 'एच' हे अक्षर जास्तीचे पडले. फ्रेंचमध्ये उच्चार तोच राहतो, त्यामुळे ही चूक देवनागरीत दाखवताच येत नाही. ज्या निबंधाचा विषयच एक जास्तीचे गुणसूत्र मोजणे हा होता, त्यात त्या मोजणीच्या मालकिणीच्या नावातील अक्षरे मोजली गेली नव्हती.

लजन यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. दिसलेले 47 वे गुणसूत्र म्हणजे काय, हे पुढे अनेक रुग्णांवरून पक्के करणे आणि त्यातून एक वैद्यकशाखा उभी करणे यात त्यांचे श्रम मोठे आहेत, आणि त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाला गोतिए यांची हकीकत मान्य नाही. गोतिए पुन्हा मुलांच्या हृदयरोगांकडे वळल्या आणि पन्नास वर्षे गप्प राहिल्या. 2009 मध्ये त्यांनी आपली बाजू लिहून काढली. 2014 मध्ये बोर्दो येथील परिषदेत त्यांचे भाषण आणि सन्मान ठरला होता, तर प्रतिष्ठानाने न्यायालयाची परवानगी घेऊन भाषण नोंदवून घेण्यासाठी न्यायालयीन अधिकारी पाठवले आणि आयोजकांनी भाषण रद्द केले. पदक त्यांना खासगीत देण्यात आले. त्या तेव्हा 88 वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने असे मत दिले की या शोधात लजन यांचा वाटा सर्वांत मोठा असणे संभवत नाही. पेशीसंवर्धनाचे तंत्र हीच त्यातील आवश्यक अट होती. गोतिए 2022 च्या एप्रिलअखेर वारल्या.

या वादात माझे मन गोतिए यांच्याकडे झुकते हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. परंतु वादाचा मुद्दा व्यक्तींच्या सज्जनपणाचा नाही. कल्पना त्युर्पँ यांच्याजवळ वीसएक वर्षे होती आणि ती वीसएक वर्षे नुसतीच होती. पेशी जगवता येऊ लागल्या त्या दिवशी तिचे ज्ञान झाले. अशा वेळी 'हे तर नुसते तंत्र' हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आपल्याकडचे एक उदाहरण अगदी त्याच 1952 सालचे आहे. मुंबईच्या परळ भागातील केईएम रुग्णालयात वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसांचे रक्त चमत्कारिक वागताना आढळले. नेहमीच्या चाचणीत ते 'ओ' गटाचे दिसे, पण त्यांचा रक्तद्रव 'ओ' गटाच्या रक्तपेशींनाही पुंजके करून खाली बसवी. 'ओ' चे रक्त तर कोणालाही चालते, मग 'ओ' वाल्यालाच ते का चालू नये? उलगडा असा झाला की 'ए' आणि 'बी' ही दोन्ही द्रव्ये ज्या 'एच' या मूळ द्रव्यावर रचली जातात ते द्रव्यच या माणसांजवळ नाही. आई आणि बाप या दोघांकडून अप्रभावी जनुक आले की हे घडते. 'लॅन्सेट' मधील त्या टिपणावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्यासह इंग्लंडमधील संशोधकांची नावे आहेत. त्यांतील सँगर म्हणजे रूथ सँगर आणि मॉर्गन म्हणजे वॉल्टर मॉर्गन, या लेखातील इतर सँगर-मॉर्गन नव्हेत. हा गट जगभर 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. रक्तपेढीतले काम ज्यांनी पाहिले आहे ते सांगतील की जुळणीची चाचणी विपरीत आली की पहिला संशय निसर्गावर जात नाही, हातावर जातो. नळी अस्वच्छ असेल, रक्तद्रव शिळा असेल, चिठ्ठी बदलली असेल. चाचणी पुन्हा करायची, आणि पुन्हा तेच आले तर न संकोचता तेच लिहायचे. शहराच्या नावाने प्रसिद्ध झालेला हा शोध असल्या पुनरावृत्तीच्या धीटपणावर उभा आहे.

लेखकत्वाच्या नियमांविषयी थोडे. साहित्यसमीक्षेने लेखकाचा मृत्यू 1967 मध्ये जाहीर केला. विज्ञानात मात्र नेमक्या त्याच दशकांत लेखक वाढत गेले, इतके की कोणाला लेखक म्हणायचे याचे कायदे करावे लागले. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2013 पासून चार अटी घातल्या आहेत, आणि चारही पुऱ्या झाल्या पाहिजेत. पहिल्या अटीत कल्पना, आराखडा, माहितीचे संकलन किंवा विश्लेषण यांतील भरीव वाटा येतो, म्हणजे प्रयोग करणाराही त्यात बसतो. दुसरी अट मजकूर लिहिण्याची किंवा त्यावर चिकित्सक दृष्टीने हात फिरवण्याची. राहिलेल्या दोन, अंतिम मजकुराला संमती आणि जबाबदारीचा स्वीकार. ज्याने दोन वर्षे पेशी वाढवल्या पण ज्याच्यापुढे मसुदा कोणी ठेवलाच नाही तो दुसऱ्या अटीवर अडतो. मसुदा दाखवला गेला पाहिजे असे समिती सांगते खरी. पण दाखवणे वरच्याच्या हाती असते. मराठी पुस्तकांच्या ऋणनिर्देशात हस्तलिखिताची स्वच्छ प्रत करणाऱ्या पत्नीचे आणि मुद्रितशोधकाचे नाव जेथे येते, तेथेच प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची सोय झाली आहे.

अपवाद म्हणून एका प्रयोगशाळेकडे पाहण्याजोगे आहे. केंब्रिजमधील फ्रेडरिक सँगर यांना रसायनशास्त्राचे नोबेल दोनदा मिळाले, 1958 मध्ये प्रथिनांतील क्रम वाचल्याबद्दल आणि 1980 मध्ये डीएनएतील क्रम वाचण्याच्या पद्धतीबद्दल. त्यांची ख्याती अशी की 1983 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते स्वतःच्या हातांनी प्रयोग करत राहिले. मोठा विभाग सांभाळणे, पैसा उभा करणे, व्याख्याने देत फिरणे, यांत त्यांना रस नव्हता. त्यामुळे त्यांच्या खोलीत बोट दाखवणारा आणि काम करणारा ही फाळणीच पुसट होती. 1975 ची क्रमवाचनाची पहिली पद्धत सँगर आणि त्यांचे सहायक अ‍ॅलन कूलसन या दोघांच्या नावावर आहे. 1977 च्या सुधारित पद्धतीवर सँगर, निकलेन आणि कूलसन अशी तीन नावे आहेत. या पद्धतीचे काम हाताचे होते. काचेच्या दोन तावदानांमध्ये पातळ जेल ओतायचे, त्यात बुडबुडा येऊ द्यायचा नाही, चार रकान्यांत चार नमुने भरायचे, वीजप्रवाह सोडायचा, मग क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटलेल्या रेघा खालून वर एकेक करून वाचायच्या. जेल वाकडे गेले की रेघा वाकड्या, आणि वाकड्या रेघांतून अक्षर कोणते हे सरावलेला डोळाच सांगतो.

याच खोलीत बार्ट बॅरेल नावाचा तरुण शाळा संपवून थेट तंत्रज्ञ म्हणून आला होता. विद्यापीठात न जाता तो तेथेच शिकला. 1976 मध्ये 'नेचर' मध्ये एक निबंध आला. एका लहान विषाणूच्या डीएनएत एक जनुक दुसऱ्या जनुकाच्या पोटात बसलेले आहे, तीच अक्षरे एक घर पुढे सरकवून वाचली की दुसरे प्रथिन निघते, असे त्यात दाखवले होते. एकाच पदावलीतून पदच्छेद बदलून दोन अर्थ काढण्याची श्लेषाची युक्ती निसर्गाने तेथे वापरली होती असे आपल्याला म्हणता येईल. त्या निबंधावरील पहिले नाव बॅरेल यांचे आहे. 1979 मध्ये मानवी पेशीतील मायटोकाँड्रियाचा संकेत इतर जीवसृष्टीपेक्षा निराळा आहे, जेथे सर्वत्र वाक्य संपते असे मानले होते तेथे या डीएनएत एक अमिनो आम्ल बसते, हे उघड झाले. आनुवंशिक संकेत सर्वत्र एकच, या तोवरच्या दृढ समजुतीला त्याने तडा दिला. तेथेही पहिले नाव बॅरेल यांचेच.

पुढे जेल ओतणारे हात यंत्रांनी घेतले. क्षयाच्या जीवाणूची संपूर्ण जनुकीय संहिता, सुमारे 44 लाख अक्षरांची, जून 1998 मध्ये 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झाली. पॅरिसच्या पास्चर संस्थेतील स्टुअर्ट कोल पहिले लेखक, त्यांच्यामागे चाळीसएक नावांची रांग, त्यांतील पुष्कळ इंग्लंडमधील सँगर केंद्रातील. जीवशास्त्राच्या रिवाजात रांगेतील शेवटची जागा प्रयोगशाळेच्या प्रमुखाची, म्हणजे करवणाऱ्याची असते. त्या निबंधावर शेवटचे नाव बी. जी. बॅरेल असे आहे.